कर्ज बँकेचे, आराखडा कोणाचा?

सप्टेंबर २०१८ मध्ये जागतिक बँकेने भारतासाठी पाच वर्षांचा एक आराखडा मान्य केला. त्या काळात बँक गटाकडून भारतात २५ ते ३० अब्ज डॉलर येतील असा त्यात अंदाज होता, आणि बातम्यांत मुख्यतः तो आकडाच आला. वास्तविक आकडा हा त्या दस्तऐवजाचा सर्वांत कमी वाचनीय भाग. बँकेत त्याला ‘कंट्री पार्टनरशिप फ्रेमवर्क’ म्हणतात. आपण सोयीसाठी देश-आराखडा म्हणू. कर्ज घेणाऱ्या बहुतेक देशांसाठी तो तयार होतो. आधी त्या देशाच्या अर्थव्यवस्थेची तपासणी होते, मग अडचणींचा क्रम लागतो, मग कोणत्या क्षेत्राला हात घालायचा, कोणत्याला नाही, आणि यश कशाने मोजायचे हे ठरते. रॉबर्ट मॅक्नमारा १९६८ मध्ये बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हापासून ही पद्धत पक्की झाली. सुरुवातीला हे कागद गोपनीय असत, आता ते कोणालाही वाचता येतात. नावेही दोनतीनदा बदलली. मात्र या कागदात एक प्रश्न कधीच उघडपणे लिहिलेला नसतो: हा आराखडा मुळात कोणाचा? भारताचा पाऊणशे वर्षांचा अनुभव असे सांगतो की, बाकीचे सगळे या एका प्रश्नावर अवलंबून असते. कर्ज घेणाऱ्याने स्वतःचा विचार आधी पक्का केला असेल, तर बँकेचा पैसा आणि तिची तांत्रिक जाण दोन्ही कामी येतात. विचार बँकेने करायचा आणि सही आपण करायची असे झाले, की पैसा येतो, खर्चही होतो, पण मागे फारसे काही उरत नाही.

पहिल्या दशकात असा आराखडाच नव्हता, आणि त्यावाचून काही अडलेही नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये भारताला पहिले कर्ज मिळाले ते रेल्वेसाठी, ३ कोटी ४० लाख डॉलरचे. दुसरे ट्रॅक्टरसाठी होते. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेली जमीन नांगरून पुन्हा लागवडीखाली आणायची होती. तिसरे दामोदर खोऱ्यातल्या विजेसाठी. १९५४ मध्ये टाटांच्या तुर्भे येथील औष्णिक वीज केंद्रासाठी १ कोटी ६२ लाख डॉलर आले, आणि १९५५ मध्ये बँक, भारत सरकार आणि उद्योगपती यांच्या पुढाकारातून मुंबईत आयसीआयसीआय उभी राहिली. या कर्जांत मागणाऱ्याला काय हवे ते नेमके ठाऊक होते. इंजिने, टर्बाइन, ट्रॅक्टर. बँक हिशेब तपासायची आणि पैसे द्यायची. चित्र बदलले ते दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत परकीय चलन आटल्यावर. १९५८ मध्ये बँकेच्या पुढाकाराने देणगीदार देशांचे ‘एड इंडिया कन्सॉर्शियम’ जमले, आणि १९६० मध्ये गरीब देशांना जवळपास बिनव्याजी कर्ज देणारी आयडीए ही बँकेची शाखा निघाली. मुदत ५० वर्षे, पहिली १० वर्षे परतफेड नाही, वर पाऊण टक्का सेवाशुल्क. आता प्रश्न एका धरणाचा किंवा एका कारखान्याचा उरला नाही. वर्षाला अमुक इतके डॉलर लागणार, तर देशाचे एकूण धोरण काय, हे देणारा विचारू लागला. विचारणारच.

या विचारण्याची पहिली मोठी परीक्षा १९६६ ची. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज वुड्स यांनी १९६४ मध्ये बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखाली एक मोठे पथक भारतात धाडले. पथकाने पुढच्या वर्षी अनेक खंडांचा अहवाल दिला. रुपयाचे अवमूल्यन करा, आयातीवरची बंधने सैल करा, शेतीकडे अधिक पैसा वळवा, असा त्याचा गाभा. अर्थशास्त्र म्हणून त्यात फार चुकीचे काही नव्हते. पण १९६५ चे युद्ध, त्यानंतर थांबलेली अमेरिकी मदत आणि लागोपाठ दोन दुष्काळ यांत सापडलेल्या सरकारला हा सल्ला अटीच्या रूपाने आला. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलरच्या प्रकल्पेतर मदतीची अपेक्षा दाखवली गेली होती. पुढच्या वर्षांत ती तेवढी आली नाही. सत्ताधारी पक्षातच गहजब झाला. निर्यातीची अनुदाने काही महिन्यांत परतली, आणि दोनेक वर्षांत आयात पुन्हा पूर्वीइतकीच जखडली गेली. अवमूल्यन हा शब्द पुढे दोन दशके दिल्लीत कोणी मोठ्याने उच्चारत नसे. चांगला उपाय चुकीच्या हाताने दिला गेला आणि पंचवीस वर्षांसाठी बदनाम झाला.

हाच बेल अहवाल पुरता वाया गेला असे मात्र नाही, आणि इथेच खरी मेख आहे. त्याचा शेतीवरचा भाग ऑस्ट्रेलियाचे सर जॉन क्रॉफर्ड यांनी केला होता. सुधारित बियाणे, खत, शेतमालाला भाव, ही त्यांची दिशा. ती दिशा तेव्हाचे अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांनी आधीच धरली होती. सचिव बी. शिवरामन आणि एम. एस. स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूला होते, तर विरोध मंत्रिमंडळातही होता आणि संसदेतही. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आले, ते या माणसांच्या आग्रहामुळे. १९६४-६५ मध्ये गव्हाचे पीक सुमारे सव्वाकोटी टन होते, १९७०-७१ मध्ये ते जवळपास दुप्पट झाले. हरितक्रांतीने पाणी आणि जमिनीचे जे केले त्यावर वाद घालता येईल, पण धोरण टिकले हे मान्य करावे लागेल. एकच अहवाल, एकच सरकार, एकच वर्ष. ज्या शिफारशीला देशात धनी होता ती मुळावली. ज्या शिफारशीला नव्हता ती पहिल्या वाऱ्याला उपटली.

१९९१ ने याच प्रयोगाची उलट बाजू दाखवली. परकीय चलनाची गंगाजळी दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, सोने इंग्लंडला गहाण पडले होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तरीही या वेळी अक्कल आधीच तयार होती. परवाने, आयातशुल्क, विनिमयदर यांत काय बदलायचे याचे टिपण माँटेकसिंग अहलुवालिया यांनी १९९० मध्येच लिहिले होते आणि ते सरकारी वर्तुळात फिरत होते. रुपयाचे अवमूल्यन १ आणि ३ जुलैला झाले, बहुतेक उद्योगांची परवाना पद्धत २४ जुलैला गेली. जागतिक बँकेचे ५० कोटी डॉलरचे रचनात्मक समायोजन कर्ज आले ते डिसेंबरात. बँकेच्या दबावाने सुधारणा झाल्या असे सांगणारे आजही भेटतात. तारखा त्यांच्या बाजूने नाहीत. अर्थात बँक आणि नाणेनिधी मागे उभे आहेत हे दिल्लीला माहीत होते आणि त्याचा उपयोगही झाला. पण संकट १९६६ मध्येही होते आणि उपायही जवळपास तेच होते, तेव्हा केवळ संकटाने निर्णय टिकतात असे म्हणता येत नाही. डेव्हिड डॉलर आणि याकोब स्वेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतली समायोजन कर्जे पुढे तपासली तेव्हा त्यांनाही हेच आढळले: यशापयश ठरते ते देशांतर्गत राजकारणाने. बँकेने तयारीवर आणि देखरेखीवर किती मनुष्यबळ लावले याने फारसा फरक पडत नाही.

मग बँक अटींचा हट्ट का धरते? उत्तर तिच्या स्वभावात आहे. मॅक्नमारा आले तेव्हा वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरची कर्जे मंजूर होत. १९८१ मध्ये ते गेले तेव्हा हा आकडा बारा अब्जांच्या पुढे होता. एवढा पैसा बाहेर काढायचा तर मंजुरी हेच काम होऊन बसते. १९९२ मध्ये बँकेच्याच विली वापेनहान्स यांनी अंतर्गत अहवालात हे बेधडक मांडले. १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक ठरले होते. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण १५ टक्के होते. कर्मचाऱ्याची किंमत मंजूर करवलेल्या कर्जावरून होत असेल, तर मंजुरीनंतर काय झाले ते पाहायला कोण थांबणार? आपल्या बाजूलाही याचीच आरसाप्रतिमा आहे. राज्याचा विभाग प्रस्ताव करतो, वित्त विभाग होकार देतो, दिल्लीत आर्थिक व्यवहार विभाग चाळणी लावतो, बँकेची पथके येतात-जातात, वाटाघाटी होतात, सह्या होतात, छायाचित्रे छापून येतात. त्यानंतर समजते की, बहुतेक प्रकल्पांत खर्च आधी राज्याने आपल्या अंदाजपत्रकातून करायचा आणि मग पावत्या दाखवून परतावा मागायचा. मोठ्या निविदेला बँकेची ना-हरकत लागते. प्रकल्प संचालकाची बदली मधेच होते. पैसे पडून राहतात, आणि बँकेच्या नियमित कर्जात न उचललेल्या रकमेवरही पाव टक्का शुल्क भरावे लागते. ज्या विभागाला प्रकल्प खरोखर हवा असतो तो यातून वाट काढतो. ज्याने केवळ पैसा मिळतो म्हणून प्रस्ताव केला, तो पहिल्याच ना-हरकतीपाशी थकतो.

या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप नर्मदेच्या खोऱ्यातून येतो. सरदार सरोवराला धनी नव्हता असे कोण म्हणेल? गुजरात सरकारचा तो प्राण होता. तरीही १९८५ मध्ये बँकेने ४५ कोटी डॉलरचे करार केले तेव्हा धरणाला पर्यावरणाची मंजुरीसुद्धा नव्हती. ती १९८७ मध्ये सशर्त आली. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या आदिवासींचे काय होणार याची धड मोजदादही झाली नव्हती. मणिबेली गावापासूनचे लोक लढले, मेधा पाटकरांनी तो लढा वॉशिंग्टनपर्यंत नेला, आणि १९९२ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने बँकेला दोषी धरले. मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज भारतानेच नाकारले. म्हणजे सरकारचा आराखडा म्हणून तो चांगला, असे समीकरण मांडता येत नाही, हे मान्य. पण या आक्षेपातून बँकेचा आराखडा चांगला असतो असेही निघत नाही. करार करून बसली होती तीच. निघते ते इतकेच की ‘कर्ज घेणारा’ म्हणजे केवळ सचिवालय नव्हे. ज्याची जमीन जाणार त्याला आराखडा बनताना विचारले नाही, तर धनी अर्धाच. नर्मदेनंतर बँकेने १९९३ मध्ये तक्रारींसाठी स्वतंत्र तपासणी मंडळ नेमले. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी त्याचाच आधार घेतला. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ता आणि पुनर्वसनाचे पैसे रोखले आणि सुधारणा झाल्यावर जूनअखेरीस मोकळे केले. त्या दुकानदारांना हा अधिकार मणिबेलीच्या लोकांमुळे मिळाला, ही गोष्ट मुंबईत फारशी कोणी आठवत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे सगळे आता गौण आहे. बँकेचे वर्षाचे कर्ज भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव टक्क्याहूनही कमी. एवढ्याशासाठी एवढा खल कशाला? शिवाय पैशाला रंग नसतो. शाळेसाठी कर्ज मिळाले की शाळेसाठी ठेवलेला आपला पैसा दुसरीकडे वळतो, मग बँकेने नेमके काय उभे केले हे कोण सांगणार? दोन्ही मुद्दे खरे आहेत, आणि दोन्ही माझ्याच बाजूने जातात. पैसा थोडा आणि बिनरंगी असेल तर त्याचे मोल एवढेच उरते की त्यासोबत एखादी कामाची पद्धत येते, हिशेबाची शिस्त येते. आणि पद्धत ही कर्जासारखी सही करून घेता येत नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प पाहा. २०१८ मध्ये मंजूर झालेले ४२ कोटी डॉलर, मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातली पाच हजारांहून अधिक गावे. महाराष्ट्राच्या कृषी अंदाजपत्रकापुढे रक्कम डोळे दिपवणारी नाही. त्यातला शेतकऱ्याचा ऑनलाइन अर्ज, कामाची जागेवर तपासणी आणि थेट खात्यात जमा होणारे अनुदान, हा सांगाडा कर्ज संपल्यावर कृषी विभाग स्वतःच्या योजनांत कितपत वापरतो, यावरच त्या कर्जाचा निकाल लागेल.

राज्यांच्या निवडीतही हाच प्रश्न डोकावतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बँकेने सुधारणा करायला तयार असलेली राज्ये निवडली, आंध्र प्रदेश त्यांत पुढे. तयार राज्यालाच पैसा दिला की बिहारसारखी राज्ये मागे राहतात, ही टीका रास्त होती. २०१३ च्या आराखड्यात म्हणून एकूण कर्जाचा ३० टक्के हिस्सा कमी उत्पन्नाच्या आणि विशेष दर्जाच्या राज्यांसाठी ठेवला गेला. हेतू चांगला. पण वाटा राखून ठेवल्याने प्रस्ताव तयार करणारी माणसे निर्माण होत नाहीत. ती राज्यालाच घडवावी लागतात, आणि तिथे बँकेची मदत कर्जापेक्षा प्रशिक्षणाच्या आणि अभ्यासाच्या रूपात अधिक उपयोगी पडते.

२०१४ मध्ये भारत आयडीएच्या सवलतीच्या यादीतून बाहेर पडला, आणि आता त्याच आयडीएला देणगी देतो. म्हणजे यापुढचे बहुतेक कर्ज बाजाराच्या जवळच्या व्याजाने आणि परकीय चलनात फेडायचे आहे, आणि राज्याने घेतले तर २००५ पासूनच्या नियमानुसार त्याच अटींवर राज्याच्या माथी येणार आहे. तेव्हा ‘जागतिक बँकेकडून महाराष्ट्राला अमुक कोटींचे कर्ज मंजूर’ असा मथळा पुन्हा दिसला, तर वाचकाने मंजुरीचा आकडा सोडून द्यावा. प्रकल्पाचा करार, त्याची मूळ उद्दिष्टे आणि आजवर झालेली उचल बँकेच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. दोन वर्षांनी ते पान पुन्हा उघडावे, आणि उचल दहा टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर आपल्या आमदाराला पत्र लिहून विचारावे की हा प्रकल्प मुळात मागितला कोणी होता.