शेअर घ्यावा तो धंद्यातल्या भागीदारीसारखा

विठ्ठलवाडी स्टेशनच्या आसपासचे जीन्सचे कारागीर आणि छोटे कापडवाले हल्ली आम्हाला विचारतात, "चाचा, शेअरमध्ये पैसे टाकावेत का?" उत्तर देण्याआधी आम्ही आमची चूक सांगतो.

१९९२ च्या एप्रिलमध्ये ईद झाली. गल्ला भरला होता, पण त्यातला मोठा हिस्सा घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीचा होता. सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेलेला. आम्ही विशीतले, उधारीचे पैसे शेअरमध्ये घातले. त्याच महिन्यात हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले आणि वर्षभरात सेन्सेक्स निम्म्यावर आला. घाऊक व्यापारी थांबेना. आम्ही तोट्यात विकले आणि उरलेली उधारी फेडायला वालिद साहेबांना घरातले सोने मोडावे लागले. पैसा आपला नव्हता, म्हणून थांबता आले नाही.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला हिस्सा. आपल्या शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. ज्याच्याकडे सेंच्युरी टेक्स्टाइल्सचा शेअर होता, तो त्या धंद्यातला छोटा भागीदार होता. नफ्यातून लाभांश मिळतो, धंदा वाढला तर भाव वाढतो, आणि तोटा झाला तर तोही सोसावा लागतो. १८९७ साली स्थापन झालेल्या या कंपनीने २०१८ मध्ये रेयॉनचा धंदा १५ वर्षांसाठी ग्रासिमकडे चालवायला दिला आणि २०२४ मध्ये आदित्य बिर्ला रिअल इस्टेट हे नाव घेतले. म्हणून शेअर घेऊन विसरून जाऊ नये. वर्षातून एकदा तरी कंपनीचा अहवाल पाहावा.

मुदत किती धरावी? सप्टेंबर १९९४ मध्ये सेन्सेक्स ४,६०० च्या आसपास होता. एप्रिल २००३ मध्ये ३,००० च्या आसपास. जानेवारी २००८ मध्ये तो २१,००० ला पोचला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ९,००० च्या खाली घसरला. जुलै २०२४ मध्ये ८०,००० ओलांडले. एकाच दिवशी सगळी रक्कम घालणाऱ्याला नऊ वर्षेही कमी पडू शकतात. दरमहा थोडी थोडी रक्कम घालणाऱ्याला मंदीत स्वस्त मालही मिळतो.

नवख्यांनी एवढे पाळावे. आधी उधारी फेडावी आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा. मालाचे, लग्नाचे किंवा व्याजाने काढलेले पैसे इथे आणू नयेत. पॅन, बँक खाते आणि डीमॅट खाते लागते. दलाल सेबीकडे नोंदलेला आहे की नाही ते तपासावे. एका कंपनीवर सगळी भिस्त नको. फ्युचर्स-ऑप्शन्सपासून दूर राहावे: सेबीच्या २०२४ च्या पाहणीत तीन वर्षांत १०० पैकी ९३ किरकोळ सौदेकऱ्यांना तोटा झाल्याचे दिसले.

हलाल-हरामचा प्रश्नही रास्त आहे. बँका, दारू आणि कर्जात बुडालेल्या कंपन्या गाळणारे शरीया निर्देशांक आहेत. १९९६ मध्ये सुरू झालेला टाटांचा फंड आज एथिकल फंड म्हणून चालतो. शंका असल्यास जाणत्या आलिमांना विचारावे.

कापडाचा ताका घेताना आपण पोत बोटांनी चाचपतो, रंग उन्हात धरून पाहतो, मग भाव विचारतो. शेअर घेतानाही तीच सवय ठेवावी.