मेंदूज्वर उतरला, पण कान?

जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरातून लेकरू वाचलं की घराच्या जिवात जीव येतो. मग हाक मारली तरी ते वळत नाही, आणि अशक्तपणा असेल म्हणून दिवस जातात. आजी पाठीमागे ताट वाजवून पाहते. लेकरू दचकतंही, पण कधीकधी ते फरशीच्या हादऱ्यानं! म्हणून ताटाच्या परीक्षेवर विसंबू नका. कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे पाहणारी बेरा तपासणीच करा.

संसर्ग आतल्या कानातल्या गोगलगायीसारख्या वेटोळ्यात शिरतो आणि तिथल्या केसपेशी मारतो. त्या पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र आवाज फक्त मोठा करतं. कॉक्लिअर इम्प्लांट मेलेल्या पेशींना वळसा घालून बारीक तारेतून थेट श्रवणनसेला विजेचे संकेत देतं.

इथं घाई खरोखरच हवी. मेंदूज्वरानंतर त्या वेटोळ्यात हाड भरू लागतं, काहींत तर थोड्याच आठवड्यांत. मग तार आत सरकत नाही. उमरखेड असो की वणी, कापूस वेचणीचा हंगाम असला तरी थांबू नका. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग गाठा. खर्च लाखांत जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि केंद्राची एडिप योजना यांची चौकशी तिथंच करा.

इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर ते सुरू होतं. पहिले आवाज खरखरीत, अनोळखी वाटतात. आधी बोलत असलेलं मूल लवकर सावरतं. तान्ह्याला मात्र ‘आई’ हा शब्दही महिनोन्महिने ऐकवावा लागतो.