एका मात्रेचा निवाडा

औषध आणि विष यांतील अंतर पुष्कळदा मात्रेचेच असते. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक त्याचे बोलके उदाहरण होय. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या मेंदूच्या आवरणांत क्रिप्टोकॉकस ही बुरशी शिरली, की उपचारावाचून मृत्यू अटळ ठरतो. हे औषध बुरशीच्या पेशीपटलाला छिद्रे पाडते. परंतु रोज शिरेतून दिल्यास मूत्रपिंडांना इजा करते व पंडुरोग आणते. सूक्ष्म स्निग्ध कणांत बांधलेले तेच औषध सौम्य असून ऊतींत दीर्घकाळ टिकते. मग त्याची एकच मोठी मात्रा पुरेल काय?

आफ्रिकेतील पाच देशांत ८०० हून अधिक रुग्णांवर याची परीक्षा झाली. वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅमची एकच मात्रा आणि जोडीला दोन आठवडे पोटात घेण्याची दोन औषधे, असा तो क्रम होता. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा आठवड्यांत शेकडा २४.८ रुग्ण दगावले. सात दिवस रोज शिरेतून औषध देण्याच्या रूढ पद्धतीत २८.७. एवढ्याने नवी पद्धत श्रेष्ठ ठरत नाही. ती उणी नाही, इतके मात्र सिद्ध होते. गंभीर उपद्रव शेकडा ६२ वरून ५० वर आले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली. तरीही चारांतील एक रुग्ण हाती लागत नाही. म्हणून वेळीच निदान होणे, हाच खरा पहिला उपचार.