चार दिवस खलाशांचे

२०२३ च्या एप्रिलअखेरीस अमेरिकेची ‘निमित्झ’ ही विमानवाहू नौका थायलंडच्या लेम चबांग बंदराला आली. नौकेवर पाच हजारांच्या आसपास माणसे, बहुतेक विशी-पंचविशीतली, समुद्रात आठवडेच्या आठवडे काढलेली आणि खिशात साठलेला पगार बाळगणारी. बंदरापासून थोडेसे दक्षिणेला पटाया. अशी नौका येणार म्हटले की बारवाल्यापासून एका दिवसात सूट शिवून देणाऱ्या शिंप्यापर्यंत सगळे सरसावतात, आणि बाजारात आता पैसा खेळणार असे जो तो बोलू लागतो. मराठी वाचकाला हे शहर परके नाही. बँकॉक-पटाया ही जोडी आपल्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत इतकी मुरली आहे की तिचा उच्चारही एका दमात होतो, आणि त्याबरोबर येणारे ते ठरावीक मिश्कील हसूही. अमेरिकी सैनिकांनी पटाया घडवले ही कथाही आपण त्याच हसण्यात ऐकलेली असते. त्या कथेत बरेच तथ्य आहे. पण एकेकाळी घडवले म्हणजे आजही तेच चालवतात, असे मानून लोक पुढे जातात आणि तिथे हिशेब चुकतो. आजच्या पटायाला एका नौकाभेटीने मिळणारा पैसा त्या गाजावाजाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. त्या काळी खरा फरक पडला तोही सैनिकांनी दारूवर उधळलेल्या डॉलरपेक्षा व्हिएतनाम युद्धासाठी झालेल्या बांधकामामुळे अधिक पडला.

आकडे मांडून पाहू. जहाज बंदरात असतानाही ते रिकामे सोडता येत नाही, पाळ्या लावाव्या लागतात. एक चतुर्थांश माणसे नौकेवर राहिली असे धरले तर दररोज पावणेचार हजार जण किनाऱ्यावर उतरतील. मुक्काम चार दिवसांचा धरला तर गुणाकार येतो पंधरा हजार माणशी-दिवसांचा. आता दुसरी बाजू. करोनाच्या आधीच्या वर्षी, २०१९ मध्ये, थायलंडला सुमारे चार कोटी परदेशी पाहुणे आले. त्यातले फक्त एक दशांश पटायाला गेले आणि प्रत्येकी तीनच रात्री राहिले, असा हात आखडून हिशेब केला तरी वर्षाला एक कोटी वीस लाख माणशी-रात्री होतात. पंधरा हजार म्हणजे त्याचा आठशेवा भाग. दिवसांत बोलायचे तर वर्षातला जेमतेम अर्धा दिवस. थाई पाहुण्यांना यात धरलेलेच नाही. बँकॉकची कुटुंबेच्या कुटुंबे शनिवार-रविवारी मोटारी काढून इथे येतात, त्यांची गर्दी वेगळीच.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: नौसैनिकाचा हात सैल. साधा पर्यटक तीन दिवसांत खर्चतो ते हा एका संध्याकाळी उडवतो. या म्हणण्यात दम आहे, पण त्याला मर्यादा घालणारी एक साधी गोष्ट आहे, ती म्हणजे पगार. कनिष्ठ अमेरिकी नौसैनिकाचे मूळ वेतन महिन्याला अडीच हजार डॉलरच्या आसपास असते. तो दिवसाला दोनशे डॉलर खर्चतो असे धरले तर तीन दिवसांत त्याचा चौथाई पगार संपला. काही जण याहून जास्त उधळतील, काही जण नौकेनेच ठरवलेल्या सहलीला जाऊन, हत्ती पाहून आणि घरी व्हिडिओ कॉल करून परततील. सरासरी म्हणून दोनशे हा आकडा मुळीच चिकट नाही. पंधरा हजार माणशी-दिवसांना दोनशेने गुणले की तीस लाख डॉलर, म्हणजे ढोबळमानाने दहा कोटी बाट होतात. रक्कम ऐकायला भरघोस वाटते. पण २०१९ मध्ये थायलंडने परदेशी पर्यटकांकडून सुमारे १.९ लाख कोटी बाट मिळवले होते, दिवसाला पाचशे कोटींच्या वर. दहा कोटी बाट ही त्या देशाची अर्ध्या तासाची कमाई झाली. आणि सरासरी मुक्कामही धरून त्याच आकड्यांतून साध्या परदेशी पाहुण्याचा दिवसाचा सरासरी खर्च काढला तर तो पाच हजार बाटांच्या, म्हणजे दीडशेहून थोड्या जास्त डॉलरच्या घरात जातो. नौसैनिक त्याच्या पुढे आहे, पण दंतकथेत असतो तेवढा नाही.

मग शहरात एवढी धांदल का उडते? कारण हे दहा कोटी शहरभर पसरत नाहीत. ते चार रात्रींत आणि मोजक्या गल्ल्यांत पडतात. वॉकिंग स्ट्रीटवरच्या बारवाल्याला, टॅटू काढणाऱ्याला, दहा-वीस बाटांत माणसे वाहणाऱ्या उघड्या ‘सोंगथाव’ गाडीच्या चालकाला त्या चार रात्री महिन्याइतक्या वाटू शकतात, आणि बोलका आवाज नेमका त्यांचाच असतो. समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलला फारसे काही जाणवत नाही. आपल्याकडे मुरगाव बंदरात क्रूझ लागते तेव्हाही असेच होते: टॅक्सीच्या थांब्यावर वातावरण तापते आणि चार किलोमीटरवरच्या किराणा दुकानात कुणाला पत्ताही नसतो. ज्याला फायदा होतो तो मोठ्याने सांगतो. ज्याला होत नाही तो त्याबद्दल बोलायला तरी का जाईल?

याच गल्ल्यांतून एक धागा शहराबाहेर जातो आणि तो कुठल्याही नौकेच्या हिशेबात दिसत नाही. इथल्या बारमध्ये, मसाज पार्लरमध्ये आणि देहविक्रयात काम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने ईसानमधून, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडच्या कोरडवाहू, गरीब पट्ट्यातून येतात. अर्थतज्ज्ञ पासुक पोंगपाइचित यांनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी केलेला, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बँकॉकच्या मसाज पार्लरांतल्या मुलींचा होता. त्या कमाईचा मोठा भाग गावी पाठवत, त्यातून घरे उभी राहत, भावंडांच्या शाळा चालत. म्हणजे रात्री पटायात खर्चलेल्या नोटेचा काही हिस्सा शेकडो किलोमीटर दूर एखाद्या भातशेतीच्या कर्जात जिरतो. ‘सैनिकांच्या पैशाने गरिबी हटली’ असे कुणी यावरून म्हणेल तर त्याला एवढेच विचारावे, की मग राज्याने ईसानमध्ये पाणी आणि रोजगार न्यायचे होते ते काम या मुलींच्या अंगावर का पडले? थायलंडने १९६० मध्ये वेश्याव्यवसायावर बंदी घातली आणि १९६६ मध्ये करमणूक-स्थळांचा कायदा करून त्याच धंद्याला मागचे दार उघडून दिले. या दोन तारखांच्या मध्ये व्हिएतनामचे युद्ध भडकत होते. आरोग्याचा खर्च पुढे आला. एड्सची साथ आवरायला १९९१ पासून सरकारला देशभर कंडोमची मोहीम चालवावी लागली. तो खर्च नौसैनिकांच्याच नावे टाकणे अन्यायाचे ठरेल, देशी गिऱ्हाइके कितीतरी जास्त होती. पण जमेच्या बाजूला पूर्ण रक्कम लिहायची आणि खर्चाची बाजू कोरी ठेवायची, हेही चालणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त तांत्रिक आहे. नौसैनिकांचे सोडा, नौकाच केवढा खर्च करते! टग, गोडे पाणी, ताजी भाजी-फळे, कचरा आणि सांडपाणी उचलणे, सुरक्षेचे तराफे, बसगाड्या. एवढी नौका म्हणजे तरंगते गावच, तिची बिले लाखो डॉलरची होतात. बिले होतात हे खरे, पण ती पटायाच्या वाट्याला फारशी येत नाहीत. बंदर वेगळे, आणि सगळी सरबराई एखाद्या कंत्राटी एजंटाकडे सोपवलेली. हा पैसा किती निसरडा असतो ते लेनर्ड फ्रान्सिस या मलेशियन कंत्राटदाराच्या प्रकरणाने जगाला दाखवले. ‘फॅट लेनर्ड’ या नावाने गाजलेला हा इसम आशियातल्या बंदरांत अमेरिकी नौकांची बडदास्त ठेवत असे. अधिकाऱ्यांना मेजवान्या, महागडी हॉटेले आणि स्त्रिया पुरवायच्या, नौका आपल्या सोयीच्या बंदरांकडे वळवून घ्यायच्या आणि फुगवलेली बिले लावायची, असा त्याचा खाक्या होता. २०१३ मध्ये तो पकडला गेला, २०१५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२४ मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. सरकारला लुबाडल्याची कबूल रक्कम साडेतीन कोटी डॉलर. आपल्या हिशेबातल्या जवळजवळ बारा नौकाभेटींत खलाशी जेवढे खर्चतील तेवढे एका कंत्राटदाराने वरच्या वर उचलले.

आता घडवण्याच्या गोष्टीकडे वळू, कारण तिथे आक्षेप घेणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. पन्नाशीच्या दशकात पटाया हे मासेमारीचे गाव होते. १९५९ मध्ये ईसानमधल्या कोरातच्या तळावरचे काही शे अमेरिकी सैनिक सुट्टीसाठी किनाऱ्यावर घरे भाड्याने घेऊन राहिले, इथून शहराची कथा सुरू करण्याचा तिथे रिवाज आहे. १९६७ मध्ये व्हिएतनाममधल्या सैनिकांना विश्रांतीसाठी थायलंडला पाठवण्याचा करार झाला. त्याच सुमारास दक्षिणेला सट्टाहीपजवळ अमेरिकी पैशातून उ-तपाओचा विमानतळ उभा राहिला. त्याची साडेतीन किलोमीटरची धावपट्टी बी-५२ बाँबफेकी विमानांसाठी होती. सट्टाहीपचे खोल पाण्याचे बंदरही त्याच काळातले आणि त्याच पैशातले. साठीच्या दशकाअखेर थायलंडमध्ये पन्नास हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक तैनात होते. चार दिवसांच्या पाहुण्यांशी याची तुलनाच नको. ही वर्षानुवर्षांची वस्ती होती आणि तिच्यामागे एका महासत्तेचा युद्धाचा खजिना रिता होत होता.

पुढे काय झाले ते या साऱ्या वादात मला सर्वांत बोलके वाटते. १९७६ मध्ये अमेरिकी फौजा थायलंडमधून निघून गेल्या. शहर खरोखर सैनिकांच्या खिशावर जगत असते तर तेव्हाच बसायला हवे होते. पण १९७८ मध्ये पटायाला स्वतःचा खास नगरप्रशासनाचा दर्जा मिळाला, आणि पुढच्या काळात जर्मन, ब्रिटिश, स्कँडिनेव्हियन, नंतर रशियन, चिनी आणि भारतीय पाहुण्यांनी ते भरत गेले. रस्ते, हॉटेले, पोहण्याजोगा किनारा आणि पाहुण्यांची भाषा मोडकीतोडकी का होईना बोलणारी माणसे, एवढे भांडवल मागे राहिले होते. उ-तपाओवर आज सुट्टीला आलेल्यांची विमाने उतरतात. १९८२ पासून दर वर्षी होणाऱ्या ‘कोब्रा गोल्ड’ या संयुक्त लष्करी सरावाच्या निमित्ताने अमेरिकी नौका आणि सैनिक येत राहिले, पण तोवर तो वरकड पैसा झाला होता.

यावर कुणी ओलोंगापोचे उदाहरण पुढे करेल, आणि ते करायलाच हवे. फिलिपिन्समधल्या सुबिक उपसागरातला अमेरिकी नौदल तळ म्हणजे ओलोंगापो शहराचा श्वास होता. १९९१ च्या जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीची राख शहरावर कोसळली. सप्टेंबरमध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने तळाचा करार ११ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला, आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये शेवटची नौका निघून गेली. दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरावर आभाळ कोसळले. पण कोसळले ते नेमके काय? तळावर हजारो फिलिपिनो वेल्डर, कारकून, क्रेनचालक आणि गोदामवाले पगारावर होते. बार रिकामे पडले, त्याबरोबर हे पगारही थांबले. नंतर शहर सावरले तेही दुसऱ्या कुठल्या आरमाराला बोलावून नव्हे. महापौर रिचर्ड गॉर्डन यांनी स्वयंसेवकांच्या जोरावर तळाची यंत्रसामग्री लुटीपासून वाचवली, तिथे मुक्त बंदर झाले, १९९५ मध्ये फेडेक्सने आपले आशियातले केंद्र तिथे थाटले. २००९ मध्ये ते केंद्र चीनला गेले तेव्हा पुन्हा फटका बसला, आणि तोही पुन्हा पगारांचाच होता. ओलोंगापोवरून एवढेच सिद्ध होते की कायमचा तळ ही एक अर्थव्यवस्था असते. पाहुण्या नौकेबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

पाहुण्या नौकेची तर येण्याचीही खात्री नसते. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘किटी हॉक’ ही अमेरिकी विमानवाहू नौका हाँगकाँगला यायची होती, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी नौसैनिकांच्या घरची माणसे विमानाने तिथे येऊन थांबली होती. चीनने ऐनवेळी परवानगी नाकारली, नंतर दिली, पण तोवर नौका जपानच्या वाटेला लागली होती. त्या आठवड्यासाठी माल भरून ठेवलेल्या वान चाय भागातल्या दुकानदाराला नुकसानभरपाई कुणाकडे मागायची? ओलोंगापोत २०१४ मध्ये सरावाला आलेल्या एका अमेरिकी मरीनने एका ट्रान्सजेंडर स्त्रीचा खून केला आणि ते प्रकरण दोन देशांच्या लष्करी कराराच्या वादापर्यंत पोचले. नौका कधी येणार, किती दिवस राहणार, माणसांना रात्री बाहेर राहू देणार की नाही, यातले काहीच यजमान शहराच्या हातात नसते. अशा पाहुण्याच्या भरवशावर कर्ज काढून खोल्या बांधणारा हॉटेलवाला फार तर जुगारी म्हणायचा.

शेवटचा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. आज बाविशीचा मुलगा चार दिवस येतो आणि पुढे पन्नाशीत पेन्शन घेऊन कायमचा येतो. पटायात परदेशी निवृत्तांची मोठी वस्ती आहे आणि तिच्यात माजी सैनिकही आहेत. थायलंड पन्नाशी उलटलेल्यांना निवृत्तीचा व्हिसा देते. त्यासाठी बँकेत आठ लाख बाट किंवा महिन्याला पासष्ट हजार बाटांचे उत्पन्न दाखवावे लागते. एवढेच उत्पन्न असलेला माणूस ते सगळे तिथेच खर्च करतो असे धरले तर वर्षाचे होतात सात लाख ऐंशी हजार बाट. आपल्या नौकाभेटीचे दहा कोटी त्याने भागले तर उत्तर येते १२८. म्हणजे पाच हजारांतले १२८ जण म्हातारपणी परत आले तरी ते दर वर्षी, बंदरात नौका लागो न लागो, एका आख्ख्या नौकेएवढे देतील. त्यांना वॉकिंग स्ट्रीटशी फारसे देणेघेणे नसेल. ते औषधांची दुकाने, दातांचे डॉक्टर आणि चालण्याजोगे फुटपाथ कुठे आहेत ते विचारतील.