तुमची बॅग तपासतं कोण?

मारुंजीहून हिंजवडीकडे निघालात, की आयटी कंपन्यांची मोठमोठी फाटकं लागतात. बहुतेक ठिकाणी खासगी एजन्सीचे रखवालदार ओळखपत्र बघतात, गाडीची डिकी उघडायला लावतात. पण इन्फोसिसच्या आवारात मात्र केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे जवान आले. कंपनी खासगी आणि पहारेकरी सरकारी? हो! मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये कायदा बदलला आणि खासगी कंपन्यांनाही पैसे भरून हे जवान मिळू लागले.

याच दलाचे जवान लोहगावच्या विमानतळावर तुमची झडती घेतात. पूर्वी हे काम राज्यांचे पोलीस करत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली आणि एकेक विमानतळ सीआयएसएफकडे गेला. गंमत पाहा, मुंबईचा विमानतळ २००६ पासून खासगी कंपनी चालवते, तरी प्रवाशांची झडती सरकारी जवानच घेतात.

अमेरिकेत तेव्हा उलटं होतं. तपासणीची जबाबदारी विमान कंपन्यांवर होती आणि त्या ती ठेकेदारांना देत. साहजिकच स्वस्तात करील त्याला काम! पगार इतका तुटपुंजा, की माणसं टिकत नसत. कालचा शिकलेला आज नोकरी सोडून जाई, उद्या नवा येई. मग ११ सप्टेंबर २००१ ला दहशतवाद्यांनी चार विमानं पळवली आणि जवळजवळ ३००० माणसं मेली. दोनच महिन्यांत कायदा झाला आणि तपासणी सरकारने हाती घेतली.

म्हणजे सरकारी चांगलं आणि खासगी वाईट? थांबा, इतकं सोपं नाही. त्या वेळी चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू विमानात न्यायला परवानगी होती. हा नियम ठेकेदाराचा नव्हता, सरकारचाच होता! शिवाय २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी तपासनिसांची गुपचूप परीक्षा घेतली गेली. प्रवाशाच्या वेषातल्या अधिकाऱ्यांनी ७० वेळा खोटे बॉम्ब आणि शस्त्रं नेऊन पाहिली, त्यातली ६७ वेळा ती पकडलीच गेली नाहीत. आणि सॅन फ्रान्सिस्कोला आजही खासगी कंपनीच तपासणी करते, फक्त सरकारचे नियम पाळून आणि सरकारच्या देखरेखीखाली.

आपल्याकडेही २०२२ च्या सुमारास कामाची वाटणी झाली. रांगा लावणं, प्रवाशांना वाट दाखवणं अशा कामांसाठी खासगी रखवालदार घ्यायचं ठरलं. त्यामुळे खर्च वाचतो. प्रवाशांची झडती मात्र जवानांकडेच राहिली.

तेव्हा गणवेश कुणाचा, एवढंच बघून भागत नाही, बरं का. तपासणाऱ्याला नीट शिकवलंय का? पोट भरेल एवढा पगार मिळतो का? त्याचं काम कुणी अचानक येऊन पारखतं का? आणि रांग लवकर सरकली की ज्याचा फायदा होतो, त्याच्याच हाती तपासणी दिलेली नाही ना? हे प्रश्न सरकारलाही विचारायचे आणि ठेकेदारालाही.

आता तुम्ही सांगा, पुण्याचा विमानतळ तुमच्या हाती दिला, तर कोणतं काम कुणाला द्याल? आणि का?