पुण्या-मुंबईत जेवायला बसताना

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हशीच्या सौद्याला तासभर ताणून धरणारा माणूस पुण्यात पोराकडे गेला की हॉटेलच्या बिलापुढे गप्प होतो. आकडा बघायचा, नोटा ठेवायच्या आणि उठायचं. चार लोकांत विचारायचं कसं, ही भीड. खरं तर विचारण्यासारखं बरंच असतं, आणि थोडं आधी माहीत असलं तर भीडही राहत नाही.

गावाकडची रीत

नगर–संभाजीनगर रस्त्यावरच्या आपल्या हॉटेलांत ताटाचा भाव ठरलेला असतो. भाकरी मोजून, कांदा-लिंबू सोबत आणि रस्सा मागाल तेवढा. लिलावाला आलेला कांदेवाला असो की शिंगणापूरचं दर्शन करून परतणारं कुटुंब, सगळ्यांचा हिशेब तोंडी होतो. शहरात ताटाऐवजी प्रत्येक पदार्थाला वेगळी किंमत असते. जेवणाबरोबर आपण जागेचं भाडं, गारवा आणि निवांत बसायची मुभाही विकत घेत असतो, म्हणून डाळ तीच असली तरी भाव तिप्पट लागतो.

कुठे काय मिळतं

शहरातलं बाहेरचं जेवण मुळात चैनीसाठी सुरू झालं नाही. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना बायका घरात खाणावळ चालवून जेवू घालत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून याच बायकांना एकत्र आणलं आणि सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली.

इराण्यांची हॉटेलं त्याआधीची. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं. तिथला बेरी पुलाव खायचा तर दुपारीच जायला हवं. पुण्यात डेक्कनचं गुडलक 1935 पासून बनमस्का आणि चहा देतंय. मग उडुप्यांचा नंबर. माटुंग्याचं रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं, तिथे केळीच्या पानावर जेवण मिळतं. मराठी चवच हवी असेल तर दादरला मामा काणे यांच्या हॉटेलात जा, ते 1910 पासून आहे. ताटाची सवय असलेल्या माणसाने सुरुवात अशा ठिकाणांपासून करावी, असं माझं मत.

कोरेगाव पार्कात किंवा वांद्र्याला हल्ली पाटीवर बिस्ट्रो लिहिलेलं दिसतं. पॅरिसमध्ये बिस्ट्रो म्हणजे गल्लीतलं छोटं, साधं, खिशाला परवडणारं हॉटेल. आपल्याकडे येताना स्वस्ताई वाटेत कुठेतरी गळाली. पास्ता, सूप, पाव, कॉफी असं तिथे मिळतं. प्लेट छोटी असते आणि पोटभर जेवणाची अपेक्षा ठेवू नये. शनिवार-रविवारी आधी फोन करून टेबल राखून ठेवलेलं बरं, नाहीतर दारात नाव लिहून उभं राहावं लागतं.

मेनूकार्ड

उजवीकडचा आकडा आधी वाचायला लाजू नका, शहरातलेही तेच करतात. एक भाजी किती जणांना पुरते, हे वेटरला सरळ विचारा. मासळीच्या हॉटेलात पापलेट-सुरमईसमोर किमतीऐवजी ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे माशाच्या आकाराप्रमाणे भाव. तिथे मासा आधी पाहायचा, भाव विचारायचा आणि मगच होकार द्यायचा. म्हशीचा सौदा करणाऱ्याला हे शिकवायला नको.

बसल्याबसल्या ‘बिसलेरी की साधं?’ असा प्रश्न येतो. साधं म्हटलं म्हणून कोणी हाकलत नाही. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे लावले तर वाद घालून फारसा उपयोग नाही. हॉटेलात बसवून दिलेल्या पाण्याला छापील किमतीचं बंधन लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच दिला आहे.

बिल कसं वाचायचं

साध्या रेस्टॉरंटात जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो, वातानुकूलित असो वा नसो. बिलात तो अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. ज्या बड्या हॉटेलांत खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटात 18 टक्के. दारूवर जीएसटी नाही, तिचा व्हॅट वेगळा. काही छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा नाही. बिलावर तशी नोंद असूनही जीएसटी लावलेला दिसला तर तो चुकीचा आहे.

खरी गंमत सर्व्हिस चार्जमध्ये. हा सरकारी कर नाही, पैसे हॉटेलकडे जातात. समजा 1,200 रुपयांचं खाल्लं. 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला की 1,320 झाले, त्यावर 5 टक्के जीएसटी 66 रुपये, एकूण 1,386. सर्व्हिस चार्ज नसता तर 1,260 मध्ये भागलं असतं. म्हणजे चार्ज 120 चा आणि भुर्दंड 126 चा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितलं की हा चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि नाव बदलूनही नाही. हॉटेलमालकांच्या दोन संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. त्यावर पुढे अपील झालं.

टीप आणि तक्रार

टीप मनाची गोष्ट आहे. वेटरने आपुलकीने वाढलं असेल तर त्याच्या हातात रोख द्या, बिलातून नको. सर्व्हिस चार्जची ओळ दिसली तर आवाज न चढवता ‘एवढं काढून नवीन बिल द्या’ म्हणायचं. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम होतं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पण त्याआधी बिलाचा फोटो काढून ठेवा. हॉटेलचं नाव, तारीख आणि ती ओळ त्यात स्पष्ट दिसली पाहिजे.