एक मथळा आणि त्याचें प्रायश्चित्त

समकालीन लेख हें इतिहासाचें श्रेष्ठ साधन होय, हा धडा आम्हां महाराष्ट्रीयांस कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं घालून दिला. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करून, अस्सल पत्रांपुढें बखरींचें मोल किती उणें, हें त्यांनीं दाखविलें. बखरकाराचा दोष उघड आहे. गोष्ट घडून गेल्यावर पुष्कळ काळानें तो लिहावयास बसतो. परंतु गोष्ट घडण्यापूर्वींच ती घडली म्हणून लिहून मोकळा होणारा लेखक आढळला, तर त्याची वाट काय लावावी? भविष्यपुराणांत घडून गेलेल्या गोष्टी पुढें घडणार म्हणून सांगितल्या आहेत. आज आम्ही ज्या लेखाचा विचार करणार आहों, त्यांत पुढें घडावयाची गोष्ट घडून गेली म्हणून सांगितली आहे.

हा लेख म्हणजे अमेरिकेंतील 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाच्या ३ नोव्हेंबर १९४८ च्या अंकाचा मथळा होय. 'ड्यूईकडून ट्रूमन पराभूत' असा त्याचा आशय. मूळ इंग्रजींत हे अवघे तीन शब्द आहेत. तिहींचें शुद्धलेखन निर्दोष आहे, वाक्यरचनाहि बिनचूक आहे. फक्त कर्त्याच्या जागीं कर्म व कर्माच्या जागीं कर्ता जाऊन बसला आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें चूक लहान. पण कर्ता होता अमेरिकेचा अध्यक्ष!

हें घडलें कसें, तें पाहूं. हॅरी ट्रूमन हे १९४५ च्या एप्रिलांत रूझवेल्ट यांच्या निधनामुळें अध्यक्ष झाले होते. १९४८ च्या निवडणुकींत त्यांच्या विरुद्ध न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्यूई उभे होते. ट्रूमन हरणार याविषयीं जाणत्यांत मतभेदच नव्हता. 'न्यूजवीक' साप्ताहिकानें पन्नास राजकीय लेखकांस विचारलें, तेव्हां पन्नासांनींहि ड्यूई यांचेंच नांव घेतलें. मतचांचणी करणाऱ्यांपैकीं एल्मो रोपर यांनीं सप्टेंबरांतच, आतां अधिक चांचणीची गरज नाहीं, असा निकाल देऊन टाकला. जॉर्ज गॅलप यांच्या अखेरच्या अंदाजांतहि ड्यूई शेंकडा सुमारें पांच मतांनीं पुढें होते. ट्रूमन मात्र आगगाडीनें गांवोगांव थांबत, डब्याच्या मागच्या सज्जांतून भाषणें करीत हिंडत होते.

यांत आणखी एका कारणाची भर पडली. १९४७ च्या नोव्हेंबरापासून शिकागोंतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या कामगारांचा संप चालू होता. त्यामुळें मजकूर टंकलेखनयंत्रावर लिहावयाचा, त्याचें छायाचित्र घ्यावयाचें व त्यावरून छपाईचे ठसे करावयाचे, असा लांबचा मार्ग पत्रकर्त्यांस धरावा लागला. या खटाटोपास वेळ अधिक लागे. म्हणून पहिली आवृत्ति नेहमींपेक्षां कित्येक तास आधीं यंत्रावर चढवावी लागे. २ नोव्हेंबर, मंगळवार, हा मतदानाचा दिवस. मतमोजणीचे आंकडे हातीं येण्यापूर्वींच मथळा ठरविणें भाग होतें. वॉशिंग्टनचे जुने बातमीदार आर्थर सीअर्स हेनिंग यांचा पूर्वीचा लौकिक चांगला होता. त्यांनीं ड्यूई यांचा कौल दिला आणि पत्रानें तो शिरोधार्य मानला. चूक ध्यानांत येऊन मथळा बदलेपर्यंत सुमारें दीड लक्ष प्रती छापून झाल्या होत्या.

न्यायशास्त्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'पूर्ववत्' म्हणजे कारणावरून कार्याचें अनुमान. आकाशांत मेघ चढले, तेव्हां वृष्टि होईल, असें. आमच्या देशावरील शेतकरी या अनुमानाची किंमत पुरती ओळखून असतो. मेघ दिसले म्हणून तो विहिरीवरील मोट सोडीत नसे. शिकागोच्या पत्रकर्त्यानें मेघ पाहिले आणि पाऊस पडून नदीस पूर आला, असें छापलें. अनुमान करणें हा अपराध नव्हे. अनुमानास प्रत्यक्षाचें पागोटें घालून मिरविणें हा अपराध होय.

न्यायबुद्धीनें इतकें म्हटलें पाहिजे कीं, अनुमान अगदींच पोरकट नव्हतें. ट्रूमन यांस ३०३ व ड्यूई यांस १८९ निर्वाचकांचीं मतें मिळालीं. हें अंतर मोठें दिसतें. पण ओहायओ राज्यांत ट्रूमन सुमारें ७ हजार, कॅलिफोर्नियांत सुमारें १८ हजार व इलिनॉयमध्यें सुमारें ३३ हजार मतांनींच वर राहिले. हीं तीन राज्यें पालटतीं, तर मथळा खरा ठरता आणि त्याची आज कोणी आठवणहि न करता. त्यांतील इलिनॉय हें तर त्या पत्राचें स्वतःचेंच राज्य!

आतां प्रायश्चित्त. ४ नोव्हेंबरला वॉशिंग्टनला परत जातांना ट्रूमन यांची गाडी सेंट लूइस येथें थांबली. त्यांच्या हातीं तो अंक पडला. तो दोन्ही हातांनीं उंच धरून प्रसन्न मुद्रेनें उभे असलेल्या अध्यक्षांचें छायाचित्र जगभर गेलें. इंग्रजींत चूक कबूल करण्यास 'कावळा खाणें' म्हणतात. 'वॉशिंग्टन पोस्ट' पत्रानें ट्रूमन यांस तार करून मेजवानीचें आमंत्रण दिलें: सर्व पत्रकार व चांचणीकार कावळा खातील, आपण मात्र टर्की पक्षी खावा. ट्रूमन यांनीं उदारपणें नकार दिला. आमच्याकडे कावळ्यास घास घालतात. तिकडे कावळ्याचाच घास करण्याची पाळी आली होती.

दुसरा परिणाम अधिक गंभीर होय. मतचांचणीची चूक शोधण्यासाठीं विद्वानांची समिति बसली व १९४९ सालीं तिचा अहवाल निघाला. चांचणी फार लवकर थांबविली, अनिश्चित मतदारांचा विचार नीट केला नाहीं, आणि ठराविक वर्गांतील ठराविक संख्येचीं माणसें विचारणारानें आपल्या सोयीनें निवडलीं, हे दोष तींत दाखविले गेले. पुढें माणसें यदृच्छेनें निवडण्याची सशास्त्र पद्धति रूढ झाली, तींत या फजितीचा वांटा मोठा आहे.

आम्हां संशोधकांनीं यांतून काय घ्यावें? समजा, त्या दीड लक्षांतील एकच प्रत तीनशें वर्षांनीं एकाद्या दप्तरांत सांपडली व बाकीचे कागद नष्ट झाले. अंक अस्सल, तारीख अस्सल, कागद व शाई अस्सल. ड्यूई यांस अध्यक्षांच्या नामावलींत बसविण्यास आणखी काय पाहिजे? यास्तव समकालीन लेख हातीं येतांच त्याची तारीख पाहून थांबूं नये. लेखकानें लेखणी खालीं ठेविली, त्या क्षणीं गोष्ट घडली होती काय? त्यानें ती पाहिली, ऐकली, कीं तर्किली? आणि त्याच लेखाची दुसरी आवृत्ति कोठें आहे काय? हे तीन प्रश्न विचारावे. आमच्या हातांतील प्रत्येक जुन्या पत्रास ते लागू आहेत, आणि लिहावयास बसलेल्या आम्हांसहि.